फोडण्याआधी कागद

मुलुंडमधली तीस वर्षं जुनी इमारत, तिसरा मजला, ४ बाय ७ फुटांचं बाथरूम. ते नवं करायचं भाचीच्या घरात ठरलं आहे. मामांची उभी हयात बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून गेली. ठेकेदाराचा कागद घेऊन ती त्यांच्याकडे आली, तेव्हाचं हे बोलणं.

भाची : मामा, हे कोटेशन बघ. एक लाख चाळीस हजार. जास्त सांगितलेत का रे?

मामा : जास्त की कमी ते नंतर. याला कोटेशन म्हणायचं का, ते आधी बघू. ‘बाथरूम रिनोव्हेशन, विथ मटेरियल, १,४०,०००.’ संपलं? जीएसटी धरलाय की नाही, तेही लिहिलेलं नाही. उद्या १८ टक्के वेगळे म्हणाला, तर २५,२०० वाढले.

भाची : माणूस ओळखीचा आहे. तसं नाही करणार.

मामा : ओळखीच्या माणसाशीच कागद चोख हवा. अनोळखी माणसाशी निदान भांडता तरी येतं. बरं, बाथरूम करायचं कशासाठी?

भाची : टाइल्स जुनाट दिसतात. नळ कळकट झालेत. आणि हो, खालच्या काकूंच्या छताला ओल आलीय.

मामा : म्हणजे खरं काम सगळ्यात शेवटी सांगितलंस! नुसतं रूप पालटायचं असतं, तर जुन्या टाइल्स पोकळ वाजत नाहीत ना हे ठोकून बघितलं असतं आणि त्यांच्यावरच अ‍ॅडहेसिव्हने नव्या चिकटवल्या असत्या. तोडफोड नाही, डेब्रिज नाही. जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, दार खालून तासावं लागतं, एवढंच. पण ओल असताना तसं करणं म्हणजे गळतीवर पांघरूण घालणं. आणि तुझ्या बाथरूममधून खाली पाणी झिरपत असेल, तर ती दुरुस्ती तुझ्याच खर्चाने. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीबाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीकडे, घराच्या आतली सभासदाकडे.

भाची : मग गळतीचं काम यात नाही का धरलेलं?

मामा : तेच तर कागदावर कळत नाही. तुमच्या बाथरूमखालचा स्लॅब खोलगट आहे. त्या खोलगट भागात विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून कोबा केलेला असतो, आणि ड्रेनेजचे पाइप त्यातूनच जातात. ठेकेदाराने फक्त टाइल्स उखडून वर केमिकलचा हात मारला, तरी तो म्हणणार वॉटरप्रूफिंग केलं. कोबा पार स्लॅबपर्यंत फोडून, पाइप आणि नहाणी ट्रॅप बदलून, भिंतीच्या सांध्यात गोलाई देऊन, थर भिंतीवर फूटभर चढवला, तरी तेही वॉटरप्रूफिंगच. दोन्हींच्या पैशांत जमीन-अस्मानाचा फरक. तेव्हा कोबा कुठपर्यंत फोडणार, कोणते पाइप बदलणार, कोणतं केमिकल किती हात, हे लिहून घे.

भाची : आणि फोडल्यावर भलतंच काही निघालं तर?

मामा : निघतंच. जुना जीआय पाइप हातात चुरा होऊन येतो. ट्रॅपला चीर असते. कधी स्लॅबची सळई गंजून फुगलेली असते, काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले असतात. ती सळई घासून, तिथं दुरुस्ती करूनच पुढे जायचं. हे आज कोणालाच दिसणार नाही, म्हणून जुन्या इमारतीत अंदाजाच्या वर वीस टक्के बाजूला ठेवायचे. तुझ्या हिशोबात २८,०००. ठेकेदाराला सांगायचे नाहीत. सांगितलेस, तर ते कामात आलेच म्हणून समज!

भाची : काम चांगलं झालं की नाही, हे मला कसं कळणार? मी काही इंजिनियर नाही.

मामा : इंजिनियर कशाला हवा? टाइल्स लावण्याआधी ट्रॅपचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायला लावायचं. पाणी जिथं टेकलंय तिथं भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची. निदान दोन दिवस तसंच ठेवायचं. रेघ थोडीफार उघडी पडेल, वाफ होऊन पाणी जातंच. पण खालच्या काकूंकडे जाऊन छताला हात लावून ये. जुनी ओल वाळायला वेळ लागतो, म्हणून तिच्याभोवती आधीच पेन्सिलने रेघ काढून ठेव. डाग रेघेबाहेर गेला तर समजायचं. मिस्त्री म्हणेल, ‘ताई, कशाला? दहा वर्षांची गॅरंटी देतो.’ गॅरंटी ठेव तुझ्याकडे, पाणी भर, म्हणावं.

भाची : टाइल्सचं मात्र मी बघितलंय. २८ चौरस फूट, म्हणजे तीसेक आणल्या की झालं.

मामा : अगं, ती झाली जमीन. भिंती कोण धरणार? चारी बाजू मिळून २२ फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल्स घेतल्या तर १५४. अडीच बाय सातचं दार वजा कर, साधारण १३६ उरले. कापाकापीत दहा टक्के जातात, म्हणजे भिंतीला १५० आणि जमिनीला ३१ धर. खिडकी वजा करू नकोस, तिच्या कडांनाच तुकडे लागतात. झाले की १८० चौरस फूट.

भाची : बाप रे. आणि आमच्याकडे साठ रुपये फुटाच्या घ्यायच्या की नव्वदच्या, यावर तीन रविवार वाद चाललाय.

मामा : त्या वादाची किंमत काढ. फुटाला ३० रुपये, १८० फूट, म्हणजे ५,४००. सगळं घर मोरबीच्या टाइल्सची दुकानं पालथी घालतंय, आणि वॉटरप्रूफिंगबद्दल कोणी एक प्रश्न विचारलेला नाही! आवडतील त्या घ्या. जमिनीच्या तेवढ्या खरखरीत घ्या, आई घरात आहे. सगळी खोकी एका बॅचची, एका शेडची बघून उचला आणि एक खोकं माळ्यावर टाका. तीच टाइल दोन वर्षांनी दुकानात मिळत नाही.

भाची : उतार वगैरे ते बघतीलच ना?

मामा : तू बघ. फुटाला एक-दोन सूत उतार, सगळा जाळीकडे. टाइल्स बसल्यावर बादलीभर पाणी ओत, कोपऱ्यात डबकं राहिलं तर तेवढ्या टाइल्स काढायला लाव. हे ग्राउट भरण्याआधी.

भाची : विजेचं?

मामा : गिझरला वेगळी वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग तपासून. पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच कामात बसवून घे. इथं काटकसर नको. आणि भिंती बंद होण्याआधी पाइपांना प्रेशर टेस्ट लावून प्रत्येक भिंतीचा मेजरिंग टेप धरून फोटो काढ. पुढे टॉवेलच्या दांडीसाठी भोक पाडताना तोच फोटो कामाला येतो.

भाची : तो म्हणाला आठ दिवसांत देतो.

मामा : पाण्याची चाचणी, वॉटरप्रूफिंग वाळणं, ग्राउट वाळणं, सगळं धरून तीन आठवडे धर. आंघोळीला कुठे जाणार, ते आधी ठरव. सोसायटीची लेखी परवानगी घे, दुपारी ठोकाठोक चालते का ते विचार. राडारोडा कोण उचलणार, हेही कोटेशनमध्ये हवं. रस्त्याकडेला टाकला तर दंड भरावा लागेल. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, तिला कळवलं की उचलून नेतात.

भाची : तो निम्मे पैसे आगाऊ मागतोय.

मामा : वीस टक्क्यांवर देऊ नकोस. बाकीचे कामाच्या टप्प्याला बांध. तोडफोड आणि पाइप झाले की एक हप्ता, पाण्याची चाचणी पास झाली की दुसरा, टाइल्स बसल्या की तिसरा. शेवटचे दहा टक्के महिनाभर वापरून झाल्यावर. याला तो नाही म्हणाला, तर दुसरा शोध.

भाची : आणि १,४०,००० मध्ये हे सगळं बसलं नाही तर?

मामा : तर नळ आणि शॉवर साधे घे. ते दोन वर्षांनी एका दुपारात बदलून होतात. कोबा आणि पाइप यांत कपात केलीस, तर पुन्हा छिन्नी-हातोडा आलाच. हा कागद परत कर. आपण आत्ता काढलेली मोजमापं आणि कामाची यादी लिहून तिघांना दे, तिघांकडून आयटमवार दर माग. ते हातात आले की मला फोन कर, मग जास्त-कमीचं बोलू.