पायातला लिसफ्रांक बंध आणि एमआरआय

अस्थिबंध हा शब्द किती सोपा आहे बघा. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. लिगामेंट म्हणताना हे पटकन डोळ्यांपुढे येत नाही. इथे आपण अशा एकाच बंधाची ओळख करून घेऊया, कारण तो तुटला तरी पुष्कळदा कुणाला पत्ताच लागत नाही.

घोट्याच्या पुढे आणि बोटांच्या मागे वरून जो उंचवटा हाताला लागतो, तो पावलाचा मधला भाग. तिथे पाचरीच्या आकाराची तीन हाडे असतात. त्यांच्यापासून आणि शेजारच्या एका चौकोनी हाडापासून बोटांकडे पाच लांब हाडे जातात. यांतले दुसरे हाड जरा मागे सरकून पाचरींच्या खाचेत अडकलेले असते, दगडी कमानीत मधला दगड बसवतात तसे. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची हाडे मुळाशी एकमेकांना बांधलेली असतात. पहिले आणि दुसरे मात्र तशी नसतात! तिथली भिस्त अंगठ्याकडच्या पाचरीपासून दुसऱ्या हाडाच्या मुळापर्यंत तिरक्या जाणाऱ्या बंधावर. लांबी जेमतेम १ सेंटीमीटर, जाडी साधारण त्याच्या निम्मी. हाच लिसफ्रांक बंध. जाक लिसफ्रांक (१७९०–१८४७) हे फ्रेंच सर्जन. त्यांनी १८१५ मध्ये याच सांध्यातून पाऊल कापायची पद्धत मांडली. ज्याने इथे सुरी चालवली त्याचेच नाव बांधणाऱ्या बंधाला मिळाले, हे मला नवलाचे वाटते.

फुटबॉल खेळताना बोटे जमिनीवर, टाच वर, आणि त्या टाचेवर दुसरा खेळाडू पडला की हा बंध ताणतो किंवा तुटतो. पाय सुजतो, तळव्यावर काळानिळा डाग येतो. घरी म्हणतात, "मुरगळलाय, तेल चोळ." एक्स-रेत बंध दिसत नाही, फक्त हाडांमधली फट दिसते, आणि ती एक-दोन मिलिमीटरची असली तर नजरेतून निसटते. पहिल्या एक्स-रेत अशा पाचांतली एक इजा सुटते, असे पुष्कळदा सांगितले जाते. उपचार लांबला की कमान खचते, सांधा झिजतो, आणि ऐन तरुणपणी चालताना दुखायला लागते.

एमआरआय बंध स्वतःच दाखवतो. मोठ्या चुंबकात शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनकडून संदेश मिळवून चित्र बनते. धडधाकट बंधातले पाणी कोलॅजेनच्या धाग्यांत इतके घट्ट धरलेले असते की त्याचा संदेश लगेच विरतो, म्हणून बंध काळा दिसतो. तुटला की तिथे द्रव साचतो. चरबीचा संदेश दाबून काढलेल्या चित्रांत तो पांढरा चमकतो, हाडाला मुका मार लागला असेल तर तोही.

पण वाचणाऱ्याला सांभाळून वाचावे लागते. धागे चुंबकाच्या दिशेशी सुमारे ५५ अंशांत असले तर चांगला बंधही उजळ दिसू शकतो. शिवाय या बंधाचे तीन पदर आहेत: वरचा, मधला आणि तळव्याकडचा. मधला सगळ्यांत दणकट, आणि तो मुळातच पट्टेदार दिसतो. पट्टे बघून "अर्धवट फाटला" म्हणायची घाई नको. २००९ मध्ये रेकिन आणि सहकाऱ्यांनी एमआरआय आणि शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष दिसलेले ताडून पाहिले, तेव्हा सांधा डळमळीत आहे का हे सांगायला तळव्याकडचा पदर सर्वांत उपयोगी ठरला.

आणि एक मोठी उणीव. एमआरआय माणूस आडवा असताना काढतात, पाय तर उभ्याने भार घेतो. म्हणून दोन्ही पायांवर उभे राहून काढलेला एक्स-रे अजूनही लागतोच, दुखऱ्या पायाची फट चांगल्या पायाशी ताडायला. पहिल्या दिवशी दुखण्यामुळे उभेच राहता आले नाही, तर दहा-पंधरा दिवसांनी तो पुन्हा काढतात.