आधी पाहावे, मग घ्यावे

(घरबसल्या मोबाइलवरून वस्तू घेणे आता सोपे झाले आहे. मात्र जुनी मोटार न पाहता घेतल्यास काय होऊ शकते आणि ती घेताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)



तुमची आई बाजारात मडके घ्यायला गेली, की काय करते? मडक्यावर टिचकी मारते. खणखणीत आवाज आला तर ते घेते, नाहीतर बाजूला ठेवते. खरबूज घेताना त्याचा वास घेते. कापड घेताना ते उजेडात धरून पाहते. शंभर रुपयांची वस्तूही पारखून घेणारी आपली माणसे कधीकधी लाखाची वस्तू मात्र न पाहताच घेतात. नवल आहे ना?

आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. त्यांचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. त्यांच्या वृद्ध आईला आठवड्यातून दोनदा इस्पितळात न्यावे लागे. म्हणून त्यांनी जुनी मोटार घ्यायचे ठरवले. चाचांना मोबाइलमधले फारसे समजत नसे. नववीत शिकणारा त्यांचा मुलगा जाहिराती शोधून वाचून दाखवी.

एके दिवशी त्याला एक पांढरी मोटार दिसली. फोटोत ती अगदी नवी वाटत होती. किंमत फक्त एक लाख दहा हजार रुपये! तशी मोटार इतरत्र अडीच लाखांच्या खाली मिळत नव्हती. चाचांनी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मी सैन्यात आहे. माझी बदली झाली आहे. गाडी छावणीत आहे, तिथे तुम्हांला येता येणार नाही. गाडी तुमच्या दारात येईल. आज पाच हजार पाठवा, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक तयार आहे." त्याने ओळखपत्राचा फोटोही पाठवला.

चाचांनी पाच हजार पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याने वाहतुकीसाठी बारा हजार मागितले. तिसऱ्या दिवशी विम्यासाठी अठरा हजार मागितले आणि "गाडी मिळताच हे पैसे परत देऊ," असे सांगितले. पस्तीस हजार रुपये गेले आणि फोन बंद झाला. तो सैनिक नव्हता. ते ओळखपत्र खोटे होते आणि गाडीही त्याची नव्हती.

लोक हसतील म्हणून चाचा तीन दिवस गप्प राहिले. मुलगा तर जेवेनासा झाला. "माझ्यामुळेच झालं," असे तो म्हणू लागला. तेव्हा चाचा त्याला म्हणाले, "बेटा, तू फक्त वाचून दाखवलंस. पाहायला जायचं काम माझं होतं."

मग आम्ही मिळून पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार नोंदवली गेली, पण तोवर पैसे खात्यातून काढून घेतले गेले होते. मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा. अशी फसवणूक झाली तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. तक्रार लवकर पोहोचली तर पैसे खात्यातच रोखता येण्याची शक्यता असते. लाजेने गप्प बसण्यात लबाडाचाच फायदा असतो.

विकणारा खरा असला तरी फोटोवर विसंबून राहू नये. फोटोत रंग दिसतो, इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही. गाडी किती किलोमीटर धावली हे दाखवणारा आकडा मागे फिरवता येतो. पुरात बुडालेली गाडी धुऊन चकचकीत करता येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरात कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा गाडीच्या तारांत व इंजिनात शिरलेले पाणी पुढे अनेक महिने त्रास देते. पायाखालची सतरंजी उचलून पाहावी. तिथे चिखल, आसनाच्या स्क्रूंना गंज किंवा आत कुबट वास असेल, तर सावध व्हावे. गाडी ओळखीच्या मेकॅनिकला दाखवावी आणि स्वतः चालवून पाहावी.

गाडीइतकीच कागदपत्रेही महत्त्वाची आहेत. नोंदणी पुस्तकातील चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात का, ते पाहावे. गाडीवर कर्ज असेल, तर त्याची नोंदही त्या पुस्तकात असते. ते कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र मिळाल्याशिवाय व्यवहार करू नये. गाडी दुसऱ्या राज्यातील असेल, तर तेथील आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. नमुना क्रमांक २९ व ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी आणि विमाही आपल्या नावावर करावा. नुसती किल्ली हातात आली म्हणजे गाडी आपली होत नाही.

आपल्याकडे म्हणतात, 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.' किंमत फारच कमी, विकणाऱ्याला फारच घाई, गाडी दाखवायला टाळाटाळ आणि आधी पैशांची मागणी, ही फसवणुकीची लक्षणे आहेत. यांतले एक जरी दिसले तरी थांबावे.

मित्रांनो, घरातला मोबाइल बहुधा तुमच्याच हातात असतो. मोठी माणसे तुमच्यावर विश्वास ठेवतात. जाहिरात जरूर वाचून दाखवा, पण शेवटी एक वाक्य जोडायला विसरू नका, "अब्बा, आधी गाडी पाहून येऊ."

चाचांनी पुढे शेजारच्याच गावातली एक जुनी मोटार घेतली. ती पाहायला ते मेकॅनिकला बरोबर घेऊन गेले होते. मुलगाही सोबत होता. चॅसिस क्रमांक त्यानेच मोठ्याने वाचून जुळवला.

शब्दार्थ
पारखणे – नीट तपासून पाहणे
छावणी – सैन्याचे राहण्याचे ठिकाण
विसंबणे – अवलंबून राहणे
कुबट – ओलसर, बुरशीसारखा (वास)
टाळाटाळ – काम पुढे ढकलणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चाचांना मोटार कशासाठी हवी होती?
(आ) फसवणूक झाल्यावर कोणत्या क्रमांकावर फोन करावा?
२. पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?
३. "पाहायला जायचं काम माझं होतं," असे चाचा का म्हणाले असतील? तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : टिचकी मारणे, सावध होणे.