अपमानाचे दुखणे

पोट दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते. तपासण्या मात्र साऱ्या व्यवस्थित. मालवण-कुडाळकडून मुंबई-पुण्याला शिकायला गेलेली मुले अशी तक्रार घेऊन आली, की मी वसतिगृहातील वागणुकीविषयीही विचारतो. जातीवरून मारलेले टोमणे मुले पुष्कळदा घरी सांगत नाहीत.

अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या व काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांना गोरी बाहुलीच ‘चांगली’ वाटली. हिणवणूक अशी मनात मुरते. आपल्याकडे २००७ साली प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीची नोंद केली.

पुढील संशोधनात असेही दिसले, की घरात आपल्या समाजाचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, तेथील मुले हे घाव अधिक धीराने पेलतात. म्हणून बाबासाहेबांचा १९२७ चा महाड सत्याग्रह मुलांना जरूर सांगावा. मात्र “मनावर घेऊ नकोस” म्हणून विषय संपवू नये. आधी ऐकून घ्यावे. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर त्याच दिवशी. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि वाचकहो, टोमणा मारणारे मूल आपल्याच घरातले असेल, तर उपचार तेथूनच सुरू करावा.