तळ्याला समुद्र नाही, पण लेणी आहेत

प्रश्न : दिवाळीत आम्ही घरचे सात जण तळ्याला जायचं म्हणतोय. समुद्राकाठी स्वयंपाकघरासह आख्खं घर भाड्याने मिळेल ना? की लेण्यांपाशीच उतरावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तळा रायगडात असलं, तरी समुद्रकाठचं नव्हे; ते तळगडाच्या पायथ्याशी वसलं आहे. बेत मात्र मोडू नका. मुक्कामाला मुरुड किंवा दिवेआगर बरं, तिथे आख्खी घरं मिळतात. तळ्याला गाडीने दिवसभरासाठी यावं.

तळ्याजवळची कुडा लेणी घाईत उरकू नका. राजपुरी खाडीकडे पाहणाऱ्या डोंगरात २६ बौद्ध लेणी आहेत. सहाव्या लेण्याच्या दर्शनी बाजूचे हत्ती मुलांना नक्की दाखवा. ब्राह्मी लेखांतले दाते तर फार जवळचे वाटतात : मांदाडच्या महाभोज या स्थानिक सत्ताधीशांच्या घराण्याबरोबर माळी, वैद्य आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही! दोन हजार वर्षांपूर्वीची ही साधी माणसं तिथे दगडात नावानिशी उभी आहेत.

घर ठरवताना पर्यटन विभागाची नोंदणी विचारा. ‘आख्खं घर’ म्हणजे नेमक्या किती खोल्या, गॅस आणि भांडी मिळणार का, हे लेखी घ्या. सगळे पैसे आधी पाठवू नका. गडावर आणि लेण्यांत जाताना प्यायचं पाणी सोबत असू द्या.