बी.कॉम. करून सायबर सुरक्षेत जाता येतं का?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सायबर सुरक्षेत काम करायची मनापासून इच्छा आहे. पण कोडिंग येत नाही. एथिकल हॅकिंगचा महागडा क्लास लावू का?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : क्लासचं नंतर बघू. आधी पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये काय गुदरलं ते पाहा. एटीएममध्ये कार्ड घातलं की ते यंत्र ‘स्विच’मार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारतं : कार्ड खरं आहे का, खात्यात शिल्लक आहे का? हल्लेखोरांनी मधेच स्वतःचा बनावट स्विच घुसवला. तो परस्पर मंजुरी देत राहिला. मुख्य प्रणालीला कुणी विचारलंच नाही. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे निघाले, १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशव्यवस्थेमार्फत आणखी रक्कम हाँगकाँगच्या खात्यात गेली. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा.

अशी चोरी लवकर पकडायची तर स्विचने मंजूर केलेली रक्कम आणि खात्यांना नावे पडलेली रक्कम सतत ताडून पाहावी लागते. म्हणजे ताळमेळ! तो तुम्ही शिकलेल्याच आहात. व्यवहार नेहमी कसा चालतो हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, त्याच्याच नजरेला वावगं काही खुपतं. म्हणून वाणिज्य शाखेला कमी लेखू नका.

तुम्हाला सर्वांत जवळची वाट माहिती-सुरक्षेच्या ऑडिटची आणि कम्प्लायन्सची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे प्रणालीतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. हे खरोखर होतंय का, हे तपासणारी माणसं लागतातच. इथे आयएसओ २७००१ हे माहिती-सुरक्षेचं मानक आणि ‘सिसा’ हे ऑडिटरचं प्रमाणपत्र ही नावं वारंवार कानावर येतील. सिसाची परीक्षा आधी देता येते, प्रमाणपत्र मात्र कामाच्या अनुभवानंतरच मिळतं. दुसरी वाट ‘सॉक’ची, म्हणजे सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या केंद्राची : पाळ्यांमध्ये बसून अलर्ट तपासायचे. पेनटेस्टिंगला, म्हणजे परवानगीने हल्ला करून त्रुटी शोधायला, कोडिंग लागतंच, तिथे आज घाई नको.

वाट कुठलीही धरा, नेटवर्किंग चुकत नाही. घरच्या लॅपटॉपवर वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर टाका, ते चालू ठेवून एखादी वेबसाइट उघडा. बहुतेक वेळा आधी डीएनएसची विचारणा दिसेल : या नावाचा आयपी पत्ता काय? उत्तर आलं की तुमचा संगणक ‘सिन’ पाठवतो, पलीकडून ‘सिन-ॲक’ येतं, इकडून ‘ॲक’ जातं, आणि मग खरं बोलणं सुरू होतं. या ओळी रोज वाचा. समजा, ‘सिन’ एकामागून एक शेकडो पोर्टांवर जाताना दिसले, तर कुणीतरी दारं चाचपडतंय हे तुम्हाला न सांगता कळेल. मला या कामातला सगळ्यात आनंदाचा क्षण हाच वाटतो. जोडीला लिनक्सच्या कमांड आणि थोडं पायथन शिका. लॉगच्या हजारो ओळी हाताने चाळता येत नाहीत.

आणखी एक विनंती. वेबसाइटमधल्या त्रुटी शोधायचा सराव ओवॅस्प या संस्थेच्या ‘ज्यूस शॉप’वरच करा, ती मुद्दाम सदोष ठेवलेली वेबसाइट आहे, स्वतःच्या संगणकावर चालवता येते. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणं, मग ते कॉलेजचं पोर्टल का असेना, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ मध्ये येऊ शकतं. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

एवढं जमल्यावर क्लासकडे वळा. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्यांना फीचा हप्ता भरण्याआधी एकच विचारा : लॅबमध्ये मी स्वतः किती तास बसणार?