टिकलीची मागची बाजू

मला आधी कपाळाला खाज सुटली. कित्येकींना तीही सुटत नाही. टिकलीएवढ्या गोलातला रंग हळूहळू उतरत जातो आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी आधी लक्षात येतं. माझ्या बाबतीत जाऊबाईंच्या आलं. ‘कपाळावर काय गं हे पांढरं?’ असं विचारून त्यांनी लगेच आवाज खाली आणला, ‘कोड तर नाही ना?’ घरात लग्नाची मुलगी आहे. पुढचं वाक्य त्यांनी बोलायची गरजच नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. बावचीचं तेल लाव, केमिस्टकडे एक ट्यूब मिळते ती लाव. आणि जी येईल ती हमखास सांगणार, ‘थोडी मोठी टिकली लाव, झाकून जाईल.’ हा सल्ला सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत वाईट. डाग झाकायला मोठी टिकली, त्या टिकलीखाली डाग आणखी मोठा, मग त्याहून मोठी टिकली. मीही लावलीच असती, पण खाजेने लावू दिली नाही.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी डागावर भिंग धरलं आणि म्हणाल्या, ‘टिकलीचं पाकीट आहे का पर्समध्ये?’ असतंच. मी लाल-मरून रंगांबद्दल सांगायला लागले, तर त्यांनी थांबवलं. ‘रंग नंतर. आधी मागची बाजू दाखवा.’ मागे काय असणार, गोंद! पण सगळी मेख तिथेच होती.

टिकल्यांच्या गोंदात बऱ्याचदा पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल या रसायनापासून केलेला राळेसारखा चिकट पदार्थ असतो. चपला-बूट चिकटवण्याच्या गोंदात असतो तोच. आपल्या त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशी त्यासाठी टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल वापरतात. ब्यूटिलफिनॉलच्या रेणूची घडण टायरोसिनशी मिळतीजुळती असते. पेशीतलं विकर फसतं, त्यालाच कामाला घेतं, त्यातून पेशीला घातक असे पदार्थ तयार होतात आणि रंग बनवणारी पेशीच मरते. सगळ्यांना हे होत नाही. माझी बहीण त्याच दुकानातल्या त्याच टिकल्या वर्षानुवर्षं लावते, तिला काही नाही. म्हणून ‘आम्हाला नाही कधी झालं’ या वाक्याला फारसा अर्थ नाही.

घरी येऊन मी वाचत बसले. अमेरिकेत १९३९ च्या सुमारास कातडी कमावण्याच्या एका कारखान्यात कामगारांच्या हातांवर असेच पांढरे डाग उठले होते. कारण निघालं रबरी हातमोज्यांत मिसळलेलं याच कुळातलं एक रसायन. आणि २०१३ साली जपानमध्ये कानेबो कंपनीला रोडोडेनॉल हा घटक असलेली प्रसाधनं बाजारातून परत घ्यावी लागली. ती होती त्वचा उजळ करणारी. १९ हजारांहून अधिक लोकांच्या अंगावर पांढरे चट्टे उठले. उजळपणा हवा होता, तो असा मिळाला. हे रसायनही फिनॉलच्याच घराण्यातलं.

डॉक्टरीणबाईंनी माझे पायही पाहिले होते. तेव्हा मला ते विचित्र वाटलं. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली किंवा घड्याळाच्या पट्ट्याखाली असेच ठिपके आहेत का, हे त्या बघत होत्या. म्हणून तुम्ही दाखवायला जाल तेव्हा एकट्या कपाळाचं बोलू नका. टिकली, कुंकू, केसांचा रंग, काजळ, लिपस्टिक, रोजची चप्पल, सगळं पिशवीत घालून न्या. पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी करतात. त्या साधारण दोन दिवस ठेवाव्या लागतात, पाठ भिजवायची नाही, आणि काढल्यावर पुन्हा एकदा दाखवायला जावं लागतं. चाचणी कोरी आली म्हणजे टिकली निर्दोष असं नाही, हेही लक्षात ठेवा. कधी कधी चाचणीच्याच जागी पांढरा ठिपका उरतो.

औषध कोणतं ते डॉक्टर ठरवतील, पण पहिला उपचार एकच, ती वस्तू कायमची बंद. ‘फक्त लग्नकार्यापुरती’ हेही नाही. कारण गेल्यावर अनेकींचा रंग परत येतो. सावकाश येतो, महिने जातात, आणि काहींचा पूर्ण येत नाही. माझा बराचसा आला, दोन बारीक ठिपके राहिलेत. बावचीचं तेल मात्र मनाने लावू नका. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजून निघते. आणि केमिस्टची ती ट्यूब! त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरी ती आजही मागितली की मिळतात. चेहऱ्यावर बेहिशेब वापरली तर कातडी पातळ होते, पुरळ येतं, बारीक केस वाढतात, आणि थांबवलं की आग आग होते.

आणि हे खरंच कोड निघालं तर? कोड संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठीच काम करते. घरात कुजबुज करण्यापेक्षा तिथे जाऊन आलेलं बरं.

तर मग लावायचं काय? आजी आधी बोटाने मेण लावायची आणि त्यावर पिंजर. मला ते जमतं, ऑफिसलाही जमतं. पण कुंकू म्हणजे निर्धोक असं समजू नका. हळदीपासून केलेलं कुंकू वेगळं आणि रासायनिक रंग घातलेली पूड वेगळी. अशा पुडीने कपाळ काळवंडू शकतं. मेंदीचंही तसंच. ‘हर्बल’ काळी मेंदी लावून चेहरा सुजलेल्या बायका प्रत्येकीच्या ओळखीत असतील. तिच्यात बहुधा पीपीडी हे केस रंगवायचंच रसायन असतं. केसांच्या रंगाच्या खोक्यावर आधी चाचणी घ्यायची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती आपण वाचत नाही. कानामागे थोडासा रंग लावा, चोवीस तास थांबा, आणि हे प्रत्येक वेळी करा. गेल्या वेळी काही झालं नव्हतं, म्हणून या वेळी होणार नाही असं नसतं.

जिच्यावर काहीच छापलेलं नाही ती डबी मात्र घरातच आणू नका. अकोल्यातल्या एका तरुणीच्या, तिच्या आईच्या आणि बहिणीच्या मूत्रपिंडांना इजा झाली, ती ब्यूटीशियनकडून मिळालेल्या गोरं करणाऱ्या क्रीममुळे. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने ते तपासलं तेव्हा त्यात पारा निघाला. आपल्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली तर इतर प्रसाधनांत नकळत मिसळलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून जास्त चालत नाही. मुद्दाम घालण्याचा तर प्रश्नच नाही.

त्रास झालाच तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार देता येते. तिथे पहिला प्रश्न विचारतील तो उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक आणि बिल यांचा. म्हणून डबी रिकामी होईपर्यंत खोकं फेकू नका, बिलाचा फोटो काढून ठेवा, आणि उरलेलं क्रीम रागाच्या भरात कचऱ्यात टाकू नका. तपासायला तेच लागतं.