नेमगिरीला कधी जावं?

प्रश्न : परभणीच्या सपाट काळ्या रानात वाढलेल्या माझ्या दोन्ही मुलांना एका दिवसात डोंगर दाखवायचा आहे. कुठे आणि कधी न्यावं?

उत्तर : जिंतूरला जा. अजिंठ्याच्या रांगेचा फाटा जिल्ह्याच्या उत्तरेला येतो आणि जिंतूरपासून सुमारे तीन किलोमीटरवर नेमगिरी उभी आहे. उंची फार नाही. कळसूबाईच्या १६४६ मीटरशी तुलनाच नको. पण मुलांच्या पहिल्या चढाईला हाच डोंगर योग्य, असं माझं ठाम मत आहे.

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरअखेर ते जानेवारी, हे दिवस निवडा. पावसानं हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, म्हणून नजर दूरवर पोचते. मात्र थंडीत पहाटे धुकं जमिनीलगत साचतं. ऊन पसरून ते विरलं की निघा. मार्चनंतर काळा बेसॉल्ट दुपारी इतका तापतो की बसवत नाही.

डोंगरात जैन लेणी आहेत. दारं ठेंगणी, वाकूनच आत जावं लागतं. पार्श्वनाथांची भव्य मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली आहे. तिच्यापुढे मुलांना निवांत उभं राहू द्या, घाई करू नका. चपला-बूट बाहेर, आवाज हळू.

पाणी माणशी दोन लिटर, टोपी, शिदोरीला भाकरी-ठेचा. उतरल्यावर वेळ उरला तर पूर्णा नदीवरचं येलदरी धरण पाहून या. आणि प्लास्टिकची बाटली डोंगरावर टाकू नका, परत आणा.